'सत्य अनुभव, कोकण, हेडफोन लावून ऐका': भुतांच्या वाहिन्यांचं परीक्षण

यूट्यूबवर 'कोकण' आणि 'अनुभव' हे दोन शब्द एकत्र टाकले की महिनाभर पुरेल एवढा माल समोर येतो. पडकं घर, मोकळ्या केसांची बाई, लाल अक्षरांत 'सत्य घटना' आणि कोपऱ्यात 'हेडफोन लावून ऐका'. फुकट आहे, अंधारात पडल्या पडल्या ऐकता येतं, आणि गणपतीला गावी जाताना रात्रीच्या प्रवासाला याच्यासारखी सोबत नाही. मग आंब्याची पेटी घेताना खालचा थर उचलून बघतात, तसा हा मालही बघायला काय हरकत आहे? वाहिन्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. एकच गोष्ट दहा वाहिन्यांवर दहा गावांची होऊन फिरते, तेव्हा नावापेक्षा माल कसा ओळखायचा ते कळलेलं बरं.

ढोबळमानाने चार प्रकार सापडतात. लेखकाचं नाव सांगून त्याची कथा वाचणारे. श्रोत्यांनी पाठवलेले 'अनुभव' वाचणारे. यंत्राच्या आवाजात, यंत्रानेच लिहिलेलं दिवसाला दोन-दोन टाकणारे. आणि रात्री कॅमेरा घेऊन पडक्या घरात शिरणारे. पाचवा प्रकार अगदी थोडा आहे, गावातल्या जुन्या माणसांना बोलतं करणाऱ्यांचा, त्याबद्दल पुढे. यंत्राच्या आवाजातले सरळ सोडून द्या. 'चोर' आणि 'चहा' यांतला च एकच समजणाऱ्या आवाजाला घाबरायचं तरी कसं? शिवाय चित्रातल्या बाईच्या हाताला सहा बोटं असतात आणि तिच्या मागे राजस्थानी हवेली.

खरी गंमत 'अनुभव' वाचणाऱ्यांची. निवेदक तयारीचे असतात, आवाज कमावलेला, थांबायचं कुठे ते बरोबर कळतं. पण गोष्ट ताणलेली असते, आणि त्यामागे साधा हिशोब आहे: आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मधे जाहिराती घालता येतात. म्हणून भूत येण्याआधी एसटीचं तिकीट, मामाचं घर, जेवणात काय होतं, सगळं येतं. वेग 1.25 वर ठेवला तर काही बिघडत नाही. आवाज मात्र निम्म्याच्या खाली ठेवा. बरेच जण कुजबुजीनंतर एकदम मोठा दणका घालतात आणि त्यालाच भय समजतात.

आता थर उचलू. पहिली परीक्षा समुद्राची, कारण किनाऱ्यावरच्या गोष्टी इथेच उघड्या पडतात. ठरलेलं दृश्य असं: अमावास्येची रात्र, बाराचा ठोका, ओहोटीने समुद्र आत गेलेला, आणि लांब ओल्या वाळूत कुणीतरी पाठमोरं चाललेलं. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो: तिथीच्या आकड्याला पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे 15, पाऊणपट केली की सव्वा अकरा. दिवसाही आणि रात्रीही, थोड्या फरकाने. मालवणकडे मुंबईपेक्षा जरा आधी. म्हणजे अमावास्येला रात्री बारा वाजता समुद्र नुकताच पुरा भरलेला असतो, तोही उधाणाचा, आणि पाणी सुरूच्या बनापर्यंत आलेलं. वाळूच नाही तर चालणार कुठे? मध्यरात्री ओहोटी हवी असेल तर अष्टमी धरावी लागेल: आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, पाणी फार आत जातच नाही. लांबच लांब उघडी वाळू आणि अमावास्या दोन्ही पाहिजे असेल तर लेखकाने भूत पहाटे पाच-सव्वापाचला उठवावं. असं करणारा क्वचित भेटतो. भेटला की समजावं, हा माणूस किनाऱ्यावर राहिलेला आहे, त्याची पुढची गोष्टही ऐकावी.

दुसरी परीक्षा कानाची. मागे लांडग्याचं लांबलचक रडणं लावलेलं असतं, परदेशी ध्वनिसंग्रहातून फुकट उचललेलं. लांडगा घाटावरच्या कोरड्या माळरानाचा, कोकणच्या दमट किनाऱ्यावर त्याचं काय काम? इथे रात्री ओरडतो तो कोल्हा, आणि एकाने सुरुवात केली की चहूबाजूंनी साथ येते. ती कोल्हेकुई नीट वापरली तर लांडग्यापेक्षा जास्त अंगावर येते. तसंच रातवा या पक्ष्याचं एका लयीत तासभर चालणारं 'चक-चक', किंवा माळ्यावर उदमांजराने मारलेली उडी. 'वरच्या माळ्यावर कुणीतरी चालत होतं' या वाक्याने सुरू होणाऱ्या निम्म्या अनुभवांचा नायक उदमांजर असावा, असा आमचा दाट संशय आहे. 'लाटांमधून निळा उजेड आला' हेही खरंच दिसतं. थंडीच्या दिवसांत नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्मजीव किनाऱ्याजवळ वाढले की फुटणारी लाट निळी उजळते. दिसलेलं खरं असतं, जोडलेलं कारण मागाहून येतं.

घर आणि भाषा यांवर फार वेळ नको. कोकणी घर जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, ओटी, पडवी, माजघर, वर माळा. तळघर सहसा नसतं. तरी गोष्टींतली पेटी तळघरातच पुरलेली. दापोलीचा आजा 'खंय चललंस' म्हणाला की समजायचं, लेखकाने मालवणी नाटकं पाहिलीत, दापोली पाहिलेली नाही.

भुतांच्या बाबतीत मात्र नुकसान मोठं आहे. ए. एम. टी. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती जमवल्या होत्या, आणि त्यांच्या मागे आर. ई. एन्थोवेन यांनी 1915 मध्ये त्यातून कोकणचा खंड छापला. त्यात प्रत्येक माहितीखाली तळटीप असते: अमुक गावच्या शाळेच्या मास्तरांनी हे कळवलं. त्या यादीत भुतांची नुसती गर्दी नाही, व्यवस्था आहे. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा, त्याचा पिंपळ ठरलेला. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. गिऱ्हा पाण्यातला, माणसाला खोलात ओढणारा. कोण कसं मेलं, कोणतं कर्तव्य अर्धं राहिलं, यावर त्याची जात आणि जागा ठरते. वाहिन्यांनी या सगळ्यांना एकच पांढरी साडी नेसवली. गिऱ्हा डोंगरात फिरतो, मुंजाला दाढी असते, आणि जखीण म्हणजे 'हडळीचं दुसरं नाव' असं निवेदक ठासून सांगतो.

देवचाराची गत तर सगळ्यात वाईट. सिंधुदुर्गात देवचार हा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घराच्या बांधापर्यंत सोडणारा. वर्षाची राखण त्याला द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, बारा-पाचाच्या देवाला हाक मारायची आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याच्याशी नातं धाकाचं असतं पण घरातल्या वडीलधाऱ्यासारखं. त्यालाच आता लाल डोळे देऊन रक्त प्यायला लावलंय. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा ग्रामदैवत आहे, त्याला नवसाला चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचा घड वाहतात, कारण तो रात्री गावावर फिरून राखण करतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याच वहाणांचा फोटो लावून 'भुतांच्या राजाचं मंदिर' असं शीर्षक दिलं की बघणारे वाढतात. मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांची गावपळणही अशीच. ग्रामदेवाचा कौल घेऊन काही वर्षांच्या अंतराने सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री माटव घालून राहतो, भजनं होतात, फुगड्या होतात, पोरांना तर दुसरी दिवाळीच. गावात विचारलं तर देवाचा हुकूम, रीत, हवापालट अशी कारणं मिळतात. मोबाइलवर विचारलं तर तीन दिवस गाव भुतांच्या ताब्यात देतात असं उत्तर मिळतं, आणि आता शहरातून आलेली गावचीच पोरं आजीला तेच ऐकवतात. आजी नाही म्हणाली तर म्हणतात, तुला माहीत नाही.

हे होतं कसं, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कुणीतरी प्रतिलिपीसारख्या मंचावर किंवा फेसबुकच्या गटात स्वतःच्या नावाने कथा लिहितो. ती कुणी उचलतो, पात्रांची नावं बदलतो, 'मी' घालतो आणि अनुभव म्हणून वाहिनीला पाठवतो, कारण वाहिनी 'तुमचे खरे अनुभव पाठवा' म्हणते, 'तुमच्या कथा पाठवा' असं म्हणत नाही. इथे लेखक गळला. निवेदक वाचताना ठिकाण पक्कं करतो: नुसतं 'कोकणातलं गाव' चालत नाही, तालुका पाहिजे, घाट पाहिजे, पूल पाहिजे. मग त्याचे मिनिटभराचे तुकडे होतात. तुकड्यात 'काल्पनिक' ही सूचना कधीच येत नाही, ती मूळ व्हिडिओच्या वर्णनात सर्वात खाली, 'अधिक' दाबल्यावर दिसेल अशी असते. तिथून व्हॉट्सॲपवर येताना 'माझ्या मामाच्या मित्राला आलेला' एवढं नातं चिकटतं. प्रतिक्रियांत दोनशे जण लिहितात, आमच्याकडे पण असंच झालं होतं, आणि त्यातल्याच दोघांचं पुढच्या आठवड्यात नवीन भाग म्हणून वाचन होतं. शेवटी ते रिक्षावाल्याच्या, होमस्टेवाल्याच्या तोंडी जातं. पाहुणा विचारतो, इथे काही आहे का हो? नाही म्हणून पाहुण्याचा हिरमोड कोण करणार?

भीती वाटली म्हणून गोष्ट श्रद्धा होत नाही. लेखकाचं नाव गळतं आणि मैलाचा दगड चिकटतो, तेव्हा ती होते. याचा उलटा पुरावा सावंतवाडीजवळच्या आकेरीत आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं चित्रीकरण तिथल्या एका घरात झालं. लोक तो वाडा बघायला येऊ लागले, पण आले ते अण्णा नाईकांच्या दारात फोटो काढायला. मालिका कुणाची, घर कुणाचं, सगळं ठाऊक असल्यामुळे तिथे अंगारा कुणी मागत नाही. याउलट 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटातला हस्तर बघा. तो चित्रपटकर्त्यांनी रचलेला, कुठल्याही पुराणात नाही. पण देवीचा पहिला मुलगा, शाप, पूजा करायची नाही अशी बंदी, असा सगळा पुराणाचा साज असल्यामुळे 'हस्तर देवतेची खरी कथा' सांगणाऱ्या व्हिडिओंचं पीक आलं, आणि त्यांत चित्रपटाचा उल्लेख असतोच असं नाही. चित्रपटातला वाडा सासवडचा. खेड तालुक्यातलं, जगबुडीकाठचं खरं तुंबाड गाव यात विनाकारण बदनाम.

बाहेरदेशचं उदाहरण द्यायचं तर स्लेंडर मॅनचं द्यावं लागेल, कारण त्याचा जन्म सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. जून 2009 मध्ये एका अमेरिकी संकेतस्थळावर खोटी भुताटकीची छायाचित्रं बनवायची स्पर्धा चालली होती. एरिक नुडसन याने दोन काळ्यापांढऱ्या फोटोंत मुलांच्या मागे एक उंच, बिनचेहऱ्याचा माणूस घातला. पण कमाल फोटोंची नव्हती, खाली लिहिलेल्या ओळींची होती: साल, ग्रंथालयाला लागलेली आग, बेपत्ता छायाचित्रकार. म्हणजे बनावट तळटीप! पाच वर्षांनी, 31 मे 2014 रोजी, विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याला खूश करायचं म्हणून मैत्रिणीवर चाकूचे 19 वार केले. ती वाचली. गोष्ट नुसती सांगायची सोडून लोक ती करून दाखवू लागतात, याला लोकसाहित्याचे अभ्यासक ऑस्टेन्शन म्हणतात. लिंडा डेग आणि अँड्र्यू वाझोन्यी यांनी 1983 मध्ये, इंटरनेट घराघरांत पोचायच्या कितीतरी आधी, ते मांडून ठेवलं होतं.

आपल्याकडे करून दाखवणारे म्हणजे चौथ्या प्रकारचे, रात्री पडक्या घरात शिरणारे. करमणूक म्हणून यांना पाचपैकी एक. सतत हिरवा कॅमेरा, धापा आणि 'गाइज, आवाज आला का?' धोका मात्र खराखुरा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर फुरसं हा विषारी साप मुबलक. हे वीतभर-हातभर जनावर रात्रीच फिरतं, आणि जांभ्याच्या पडक्या भिंतीची फट ही त्याची आवडती जागा. चप्पल घालून, नजर मोबाइलच्या पडद्यात ठेवून तिथे फिरणं म्हणजे कमालच. शिवाय कठडा नसलेल्या विहिरी झुडपांत लपलेल्या, वासे वाळवीने पोखरलेले, दोन पावसाळे कौलं नसलेली भिंत हात लावला तरी खाली येते. आणि घर पडकं असलं तरी बेवारशी नसतं. मुंबईत राहणाऱ्या वारसांची वीस-पंचवीस नावं सातबाऱ्यावर असतात, त्यांच्या भांडणामुळेच ते पडलंय. ही खरी कोकणी भयकथा, पण तिला बघणारे मिळत नाहीत.

कशेडी घाटातल्या बाईचं काय, असं कुणी विचारेल. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या त्या वळणांवर लिफ्ट मागणारी बाई वाहिन्यांची जुनी लाडकी. बोगदा सुरू झाल्यापासून बरीचशी वाहतूक घाटात चढतच नाही, त्यामुळे तिची गैरसोय झाली असावी. काही दिवसांत ती बोगद्यात दिसू लागली तर नवल नको.

एका प्रकारच्या भागांना मात्र शून्य गुण, आवाज कितीही चांगला असो. 'आमच्या वाडीत एक म्हातारी होती, एकटी राहायची, तिची नजर वाईट होती', असं सुरू करून गाव, वाडी, देवळापासून कितवं घर इथपर्यंत सांगणारे भाग. गावच्या माणसाला दहा सेकंदांत कळतं ती कोण. 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा म्हणून आलेला आहे. मोबाइलवर सांगितलं म्हणून त्यातून सूट आहे असं कुणी समजू नये. असा भाग दिसला तर प्रतिक्रिया लिहून त्याला वर ढकलू नका, शिवी घातली तरी मोजणीत ती भरच पडते. थेट तक्रारीचं बटण दाबा, आणि घरच्यांच्या गटात पुढे पाठवू नका.

गोष्ट रचलेली आहे का, हे दहा मिनिटांत तपासता येतं. त्यातलं एखादं विचित्र वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, मूळ कथा बऱ्याचदा तीन-चार वर्षं जुनी आणि दुसऱ्याच जिल्ह्यातली निघते. चित्र गूगल लेन्समधून काढा. 'अमुक सालच्या आषाढातली पौर्णिमा, चांदणं लख्ख पडलं होतं' असं असेल तर तिथी जुन्या कालनिर्णयात बघा, आणि आषाढात कोकणात लख्ख चांदणं किती रात्री पडतं हेही स्वतःला विचारा. मुलांना ऐकवायचं असेल तर हा तपास त्यांच्याकडूनच करून घ्यावा. गोष्टीची मजा जात नाही, उलट भरतीचं गणित एकदाचं डोक्यात बसतं.

ऐकण्यासारखं काय उरलं? नाव सांगून कथा वाचणारे, पाचपैकी चार. यांच्याकडे गाव काल्पनिक असतं, भाषा एका पट्ट्यातली असते, भूत आपल्या जागी असतं, आणि तरी रात्री मोरीपर्यंत जायला जड जातं. सगळ्यात वरचे ते जुन्या माणसांना बोलतं करणारे. आवाजाची प्रत वाईट, मधे कोंबडा आरवतो, सून चहा आणते, म्हातारा विषय सोडून भाताच्या भावावर जातो. पण तो गजालीच्या ओघात 'असा सांगतत, माका काय दिसला नाय' हे वाक्य टाकतो, ज्याची सर कुठल्याच 'सत्य घटना'ला नाही. त्याने ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवलं. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कोंबड्यामुळे कापला.

लिहिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. वाहिनीने कथा मागितली तर पैशांआधी चार अटी लेखी घ्या: लेखकाचं नाव पहिल्या तीस सेकंदांत आवाजात यावं, 'काल्पनिक कथा' हे शब्द शीर्षकात असावेत, नुसते वर्णनात नकोत. गावाचं नाव बदलू नये, आणि मिनिटभराचे तुकडे काढले तर त्या प्रत्येकावर नाव असावं. तिसऱ्या अटीवर वाहिनीवाले हमखास अडतात, 'खरं गाव असलं की चालतं हो' म्हणतात. तिथे हटून बसा, किंवा कथा दुसरीकडे द्या.